प्रत्यक्ष इंधनवापर, दमदार कौटुंबिक मोटारींचा : चंद्रपूर–गडचिरोली

एक लिटर इंधनावर मोटार रोजच्या रस्त्यावर खरोखर किती किलोमीटर धावते, ते प्रमाण. बोलताना याला ‘अ‍ॅव्हरेज’ किंवा ‘मायलेज’ म्हणतात. प्रस्तुत नोंद पाच माणसे आणि सामान नेणाऱ्या, पण ताकदीला सामान्य घरगुती गाडीपेक्षा बऱ्याच वरचढ असलेल्या टर्बो-पेट्रोल मोटारींपुरती आहे. २०२२ साली बाजारात आलेल्या व चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस जीटी आणि स्कोडा स्लाव्हिया १.५ या त्यांपैकी सर्वपरिचित. दोन्हींचे इंजिन दीड लिटरचे व सुमारे १५० अश्वशक्तीचे, टाकी ४५ लिटरची आणि जाहीर केलेले अ‍ॅव्हरेज लिटरला साडेअठरा किमी.च्या आसपासचे.

हा आकडा रस्त्यावरचा नव्हे, चाचणीतला. १९६६ मध्ये पुण्यात स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) ही अशी चाचणी घेणारी प्रमुख संस्था. तिच्या प्रयोगशाळेत गाडी फिरत्या रुळांवर उभी करून ठरावीक क्रमाने चालवली जाते. चाचणी ११८० सेकंदांची. अंतर साडेदहा किमी.हून किंचित जास्त, कमाल वेग ताशी ९० किमी., एसी बंद. धुराड्यातून निघालेल्या वायूंमधला कार्बन मोजून इंधनाचा हिशेब काढतात. या चाचणीत गाडी शून्यावरून ताशी ५० किमी. वेग गाठते ती २६ सेकंदांत. ज्या गाड्या शंभरचा वेग नऊ-दहा सेकंदांत गाठतात, त्या इतक्या सबुरीने चालवण्यासाठी कोणी विकत घेत नाही. म्हणून सौम्य गाड्यांपेक्षा दमदार गाड्यांत कागद आणि रस्ता यांतले अंतर मोठे असते.

खरे तर चंद्रपूर–गडचिरोली हा प्रदेश अ‍ॅव्हरेजला अनुकूल हवा. मोठे घाट नाहीत, वैनगंगेचे खोरे बहुतांशी सपाट, आणि गडचिरोलीकडे रहदारीही विरळ. ताशी ६० ते ८० किमी.चा स्थिर वेग बहुतेक मोटारींना सर्वांत काटकसरीचा असतो, आणि जंगलातून जाणारा रस्ता नेमका तोच मागतो. या इंजिनांत एक सोयही आहे : भार हलका असला की चारांपैकी दोन सिलिंडर आपोआप बंद होतात. पण सोयीचा फायदा मिळतो तो पाय स्थिर राहिला तरच.

पाय स्थिर राहत नाही, हीच येथील मुख्य अडचण. चंद्रपूरहून लोहारा, चिचपल्ली, मूल, सावली असा गडचिरोलीचा रस्ता सुमारे ८० किमी.चा. त्यावर जंगलाचे पट्टे आहेत आणि धानपट्ट्यातली गावे आहेत. म्हणजे ब्रेकर, गुरे, रस्त्यावर वाळत घातलेले धान, शाळा आणि पुन्हा ब्रेकर. ब्रेकरचा खर्च ढोबळ हिशेबाने काढता येतो. माणसांसह दीड टन वजनाची गाडी साठवरून वीसवर ब्रेक दाबून आणली, की सुमारे १८५ किलोजूल ऊर्जा ब्रेकच्या उष्णतेत जाते. ती परत मिळवायला, इंजिनाची कार्यक्षमता २५ टक्के धरली तर, साधारण २३ मिलिलिटर पेट्रोल लागते. साडेअठराच्या हिशेबाने तेवढ्यात गाडी सव्वाचारशे मीटर गेली असती. असे ४० प्रसंग आले तर जवळजवळ एक लिटर गेला, आणि ८० किमी.च्या प्रवासाचे अ‍ॅव्हरेज पंधरावर उतरले. ब्रेकर लांबूनच ओळखून पाय उचलणारा चालक यातला बराच भाग वाचवतो. वन्यप्राण्यांसाठी घातलेल्या वेगमर्यादेला नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात, पण ती पाळणाऱ्याचे पेट्रोल कमीच जळते; मर्यादा मोडून मग करकचून ब्रेक दाबणारा दोन्हीकडून हरतो.

आष्टी–आलापल्ली–एटापल्ली पट्ट्यात कारण वेगळे. सूरजागडच्या लोहखाणीचे भरलेले ट्रक, तर घुग्गुस, बल्लारपूर, गडचांदूर भागात कोळसा आणि सिमेंटचे. ट्रकमागे तिशीने रेंगाळायचे आणि मोकळी जागा दिसताच पूर्ण दाबून पुढे काढायचे, हा येथला नित्यक्रम. ओव्हरटेकसाठी लागणारी ताकद टर्बो देतो, मात्र त्या काही सेकंदांत तो इंधनही सढळ हाताने ओततो. दमदार गाडीत हा मोह आवरणे अवघड. ती घेण्यामागचे कारणच ते असते.

चंद्रपूरचा उन्हाळा देशातल्या सर्वांत कडक उन्हाळ्यांपैकी आहे. मे महिन्यात पारा ४७ अंशांपर्यंत जातो. उन्हात तापलेली गाडी थंड करायला एसी इंजिनाकडून दोन-तीन किलोवॅट घेतो. ताशी ८० किमी. वेगाने धावायला अशा गाडीला ढोबळमानाने आठ किलोवॅट लागतात, तिशीने मात्र दोनही पुरे. म्हणजे शहरातल्या संथ चालीत एसी जवळपास गाडी ओढण्याइतकेच इंधन खातो. शिवाय आत ओढलेली हवा फार तापलेली असली, की खडखड टाळण्यासाठी इंजिन ठिणगी थोडी उशिरा पाडते आणि कार्यक्षमता घटते. उष्ण हवा विरळ असल्याने तिचा अडथळा पाचेक टक्के कमी होतो खरा, पण वरच्या दोन खर्चांपुढे तो दिलासा कुठेच दिसत नाही.

कोळशाच्या धुळीने एअर फिल्टर भरतो व अ‍ॅव्हरेज पडते, असे खाणपट्ट्यात सर्रास म्हटले जाते. कार्बुरेटरच्या काळात ते खरे होते. आजचे इंजिन हवा मोजून तेवढेच इंधन सोडते. फिल्टर भरला तर पिकअप मंदावतो, अ‍ॅव्हरेज फारसे हलत नाही. टायरमध्ये हवा कमी असणे हा त्यापेक्षा मोठा दोष, आणि तो फुकटात दुरुस्त होतो.

पेट्रोलमधील २० टक्के इथेनॉलचा परिणाम मात्र खरा आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानेच, मुळात निव्वळ पेट्रोलसाठी रचलेल्या व दहा टक्क्यांसाठी जुळवून घेतलेल्या चारचाकींत सहा ते सात टक्के घट अपेक्षिली होती.

मोजणीसाठी डॅशबोर्डवरच्या आकड्यापेक्षा टाकी फुल करण्याची जुनी रीत भरवशाची : नळी आपोआप बंद होताच थांबायचे, किलोमीटरचे रीडिंग लिहायचे, पुढच्या वेळी त्याच पंपावर तसेच भरून भागाकार करायचा. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये. या वर्गाच्या गाड्या शहरात १० ते १२ आणि शांत महामार्गावर १७ ते २० देतात. या दोन जिल्ह्यांतला मिश्र प्रवास त्यांच्या मधे कुठेतरी बसतो.

दक्षिण गडचिरोलीत हा भागाकार नियोजनाचा विषय बनतो. गडचिरोली ते सिरोंचा हे अंतर २०० किमी.हून थोडे अधिक, आणि आलापल्लीच्या पुढे पंप विरळ. लिटरला १३ धरले तरी भरलेली टाकी जाऊन-येऊन पुरते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद झाला आणि अर्ध्यातून परतावे लागले, तर अर्धी टाकी कमी पडू शकते. त्यामुळे त्या बाजूचे चालक काटा कुठे आहे ते न पाहता आलापल्लीतच टाकी भरून घेतात.