सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३३ ते १९४२ या काळात बेकार तरुणांना सार्वजनिक जमिनींवर वनीकरण, मृदासंधारण, उद्यानांची उभारणी इ. कामे देणारी शासकीय संघटना. ‘नागरी निसर्गसंधारण दल’ असा या नावाचा अर्थ होतो. युद्धकालीन नागरी संरक्षणाशी तिचा संबंध नाही.

१९२९ नंतरच्या महामंदीत लाखो तरुण बेकार झाले होते. त्याच सुमारास बेसुमार वृक्षतोड, वणवे व धूप यांमुळे विस्तीर्ण भूप्रदेश उजाड झाले होते. फ्रँक्लिन रूझवेल्ट यांनी ४ मार्च १९३३ रोजी अध्यक्षपदाची सूत्रे हाती घेताच या दोन आपत्तींवर एकत्रित उपाय योजला. ३१ मार्च रोजी त्यासंबंधीचा कायदा संमत झाला आणि १७ एप्रिल रोजी व्हर्जिनिया राज्यातील लूरे या गावाजवळ पहिली छावणी उघडली. जुलैपर्यंत अडीच लाखांवर तरुण छावण्यांत दाखल झाले. हा वेग लष्कराच्या साहाय्याविना अशक्य होता. निवड श्रम खात्याने करावी, छावण्या लष्कराने चालवाव्यात व प्रत्यक्ष कामावर वनसेवा, राष्ट्रीय उद्यान सेवा यांसारख्या विभागांनी देखरेख करावी, अशी विभागणी होती. दिवसाला एक डॉलर एवढ्या अल्प वेतनास व लष्करी देखरेखीस कामगार संघटनांचा विरोध होता. तो शमविण्यासाठी रॉबर्ट फेक्नर या कामगार पुढाऱ्यास संचालक नेमण्यात आले.

प्रारंभी १८ ते २५ वर्षे वयाच्या, अविवाहित व बेकार तरुणांना प्रवेश मिळे. त्यांची कुटुंबे बहुधा सरकारी मदतीवर जगणारी असत. भरती सहा महिन्यांसाठी असे व ती वाढविता येई. मासिक वेतन ३० डॉलर होते. त्यांपैकी सामान्यतः २५ डॉलर परस्पर घरी पाठविले जात. भरती होणाऱ्या मुलाइतकीच त्याच्या घरची चूलही या योजनेवर अवलंबून होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय तिची लोकप्रियता समजत नाही. माजी सैनिक व जंगलकामात मुरलेले स्थानिक कारागीर यांना वयाची अट नव्हती. छावणीत सु. दोनशे जण राहत. शिस्त लष्करी वळणाची असली, तरी शस्त्रशिक्षण दिले जात नसे. छावणी सोडून पळणाऱ्यास लष्करी न्यायालयापुढे उभे न करता केवळ कमी केले जाई. सायंकाळच्या वर्गांतून ४० हजारांहून अधिक निरक्षर लिहावाचावयास शिकले.

एकूण सु. ३० लाख लोकांनी सु. ३ अब्ज झाडे लावली. जाळरेषा, टेहळणी मनोरे, पायवाटा व ओघळींतील बांध उभारले. विस्कॉन्सिनमधील कून व्हॅलीत त्यांच्या श्रमांतून धूपनियंत्रणाचे अनुकरणीय क्षेत्र तयार झाले. काम धोक्याचेही होते : ऑगस्ट १९३७ मध्ये वायोमिंगमधील ब्लॅकवॉटर वणव्यात १५ जण मृत्युमुखी पडले, त्यांत बहुसंख्य या दलाचे होते.

या कामात घाईचे दोषही होते. एक तुकडी प्रवाहातील माशांसाठी बंधारे घालीत असता दुसरी रस्त्यासाठी काठ खोदून तोच प्रवाह गढूळ करी, अशी टीका ॲल्डो लिओपोल्ड या वनशास्त्रज्ञाने केली. तो स्वतः दलाच्या कामांशी निगडित होता, म्हणून ती अधिक वजनदार ठरते. त्याहून गंभीर दोष भेदभावाचा होय. वंशभेदास मनाई करणारे कलम कायद्यात असूनही १९३५ पासून कृष्णवर्णीयांच्या छावण्या सर्रास वेगळ्या करण्यात आल्या. अमेरिकन इंडियन जमातींसाठी स्वतंत्र विभाग होता. स्त्रियांना प्रवेशच नव्हता. एलिनॉर रूझवेल्ट यांच्या प्रयत्नांनी त्यांच्यासाठी निघालेल्या निराळ्या छावण्यांचा लाभ सु. ८,५०० स्त्रियांनाच मिळाला व १९३७ मध्ये त्या बंद झाल्या.

दुसऱ्या महायुद्धामुळे रोजगार वाढला आणि १९४२ मध्ये काँग्रेसने निधी थांबविला. तथापि ही कल्पना टिकून राहिली. एलिझाबेथ कुशमन हिने १९५५ च्या आपल्या प्रबंधात मांडलेल्या योजनेनुसार १९५७ पासून विद्यार्थी स्वयंसेवक राष्ट्रीय उद्यानांत हंगामी कामे करू लागले. १९७० मध्ये संघशासनाने किशोरांसाठी उन्हाळी दल काढले व १९७६ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने स्वतःचे दल स्थापिले. या दोन्हींत मुलींनाही प्रवेश होता. २०२३ मध्ये घोषित झालेले अमेरिकन क्लायमेट कोअर मात्र २०२५ च्या जानेवारीतच संपुष्टात आले.