टिफ्रॅकची स्मृती: वाचताच पुसली जाणारी
मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडलेला ‘टिफ्रॅक’ हा देशी संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याची स्मृती प्रत्येकी ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे अवघी १० किलोबाइट होती. तारांच्या जाळीत ओवलेले फेराइटचे प्रत्येक इवले कडे एक बिट सांभाळी: चुंबकन एका दिशेने असल्यास ०, उलट असल्यास १. वीज गेली तरी नोंद टिके. मात्र वाचताना ती पुसली जाई व लगेच पुन्हा लिहावी लागे.

आजच्या डीरॅममध्ये कड्याच्या जागी धारित्र असते. त्याचा विद्युतभारही वाचताना ढळतो आणि एरवी गळत राहतो, म्हणून सेकंदाला अनेकदा भरावा लागतो. क्षमता लाखो पटींनी वाढली. वीज जाताच सारे विसरणे ही तिची किंमत.