भांड्यावरचं नाव

जुनं पितळेचं पातेलं हातात आलं की आधी त्याचा काठ बघावा. पुष्कळदा तिथे बारीक ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं एक नाव सापडतं. कधी सोबत तारीख, कधी 'सप्रेम भेट', कधी नुसतं आडनाव. लग्नामुंजीत द्यायची भांडी दुकानातूनच नाव घालून आणायची ही आपली जुनी पद्धत. हेतू अगदी साधा, पंगतीत भांडी एकमेकांत मिसळली तर कुणाचं कुठलं ते कळावं. पण तेच पातेलं पन्नास वर्षांनी कुणी फोनवर फोटो काढून विकायला ठेवलं, तर कोरलेलं नाव त्याचा जन्मदाखला ठरतं. घेणाऱ्याला वाटतं, चला, खरंच कुणाच्या तरी घरातलं आहे, काल भट्टीतून निघून मुद्दाम जुनं केलेलं नाही.

म्हणजे जुन्या वस्तूच्या व्यवहारात वस्तूइतकीच महत्त्वाची असते ती हमी. नव्या वस्तूला कंपनीची हमी असते. जुनीला कोण देणार? 'घरबसल्या जुन्या वस्तू ऑनलाइन विका, मुलाबाळांत राहून चार पैसे मिळवा' हा सल्ला आजकाल जो तो देतो, जणू हा उद्योग इंटरनेटनं शोधून काढला. मंडळी, असं अजिबात नाही. हा धंदा आपल्या दारात फार आधीपासून चालू होता आणि हमीचा प्रश्न तिथे चांगला सुटलेलाही होता. कसा, ते बघू.

सुरुवात करंज्यापासून करतो. उरण तालुक्यातलं हे कोळ्यांचं बंदर. जुन्या कागदपत्रांत अख्ख्या उरण बेटालाच 'करंजा' म्हटलेलं सापडतं. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी आणि घारापुरीबरोबर हे बेटही इंग्रजांकडे राहिलं. पुढे इंग्रजी अमलात उरण हा पनवेल तालुक्याचाच पोटभाग होता. आता इथे जुन्या घरांच्या जागी स्लॅबची घरं उभी राहतायत. १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झालं, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी उरणपर्यंत लोकलही आली. जमिनीला भाव आला की घरं पाडली जातात आणि घर पाडलं की माळा रिकामा होतो. हंडे, घंगाळी, समया, परात, बंद पडलेली गॅसबत्ती... सगळं अंगणात येतं. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो मोडीत घाला, दुसरा म्हणतो नेटवर टाका.

'मोडीत घालणं' म्हणजे वस्तू धातूच्या वजनावर विकणं. घडणावळ शून्य, नाव शून्य. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टेनलेस स्टील स्वयंपाकघरात शिरलं, कल्हईची कटकट संपली आणि तांब्यापितळेची भांडी घरोघर मोडीत गेली. त्या उलट्या काळात पुण्यात दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) आणि त्यांच्या पत्नी कमलाबाई हे जोडपं मात्र वाड्यावाड्यांतून दिवे, अडकित्ते, दरवाजे, भांडी जमवत होतं. १९२० च्या सुमारास सुरू झालेला हा संग्रह केळकरांनी पुढे राज्य सरकारच्या हवाली केला आणि त्याला सातव्या वर्षी गेलेल्या आपल्या एकुलत्या मुलाचं, राजाचं, नाव दिलं. लोकांनी टाकून दिलेल्या वस्तूची किंमत वजनाच्या पलीकडे असते हे त्या घरानं दाखवून दिलं. (जाता जाता: शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू कायद्यानं 'पुरावस्तू' ठरू शकते. १९७२ च्या कायद्यानुसार तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. पणजीची समई अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला विकायला निघालेल्यांनी हे ध्यानात ठेवावं.)

तर स्टील घरात आलं. पण प्रत्येक वेळी ते रोख पैशानं आलं नाही. बरंचसं आलं बोहारणीच्या टोपलीतून. आज तिशीच्या आतल्या किती जणांना हा शब्द माहीत असेल, शंकाच आहे. दुपारी पुरुष कामावर, मुलं शाळेत, अशा वेळी डोक्यावर भांड्यांची टोपली आणि पाठीला कपड्यांचं गाठोडं घेऊन ती यायची. जुने कपडे घ्यायचे, बदल्यात भांडं द्यायचं. दोन साड्या आणि एका पँटीला डबा की पातेलं, यावर तासभर घासाघीस चाले. साडी उजेडात धरून विरली का बघणार, पँटीचा गुडघा चाचपणार. खऱ्या जरीची साडी निघाली तर भाव वेगळा, कारण त्या जरीतली चांदी काढता येते. इकडे घरातली बाई पातेल्याचा बूड वाजवून बघणार. शेवटी 'जाऊ दे ताई, हा सदरा वर टाका' असं म्हणत सौदा मिटायचा.

या व्यवहाराकडे आपण गमतीनं बघतो, पण त्यात एक मोठी गोष्ट होती. ज्या घरात पै न् पै नवऱ्याला विचारून खर्चायची, तिथे जुन्या साड्या ही बाईच्या हातातली मालमत्ता होती. तिच्या बदल्यात आलेलं पातेलं तिनं स्वतः मिळवलेलं असे. घरबसल्या, मुलाबाळांत राहून. आजच्या सल्ल्यात वेगळं काय आहे?

वेगळं आहे ते दाराच्या पलीकडे, आणि तिकडे आपण सहसा बघत नाही. मुंबईत हा धंदा मुख्यतः गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजातल्या (आता हे लोक स्वतःला देवीपूजक म्हणवतात) बायकांच्या हातात राहिला. दिवसभर उन्हात इमारती चढायच्या, गाठोडं घरी न्यायचं. तिथे घरातले सगळे मिळून कपडे निवडणार, धुणार, बटणं लावणार, इस्त्री करणार. मग भल्या पहाटे बाजारात बसून विकायचे. अगदीच फाटके निघाले तर चिंध्या होऊन कारखान्यात यंत्रं पुसायला जायचे. म्हणजे घर सांभाळून चालणारा उद्योग तिचाही होता. फक्त आपलं घर नीटनेटकं राहावं म्हणून तिचं घर गोदाम व्हायचं. आणि भांड्यावर आपलं नाव कोरलेलं असताना तिला मात्र नाव नव्हतं. ती नुसती 'बोहारीण'.

या बायकांना नाव कुठे मिळालं? अहमदाबादेत, १९७१ मध्ये. तिथे गिरणी कामगारांची मोठी संघटना होती, मजूर महाजन. तिच्या महिला विभागाच्या प्रमुख होत्या इला भट्ट. जुने कपडे विकणाऱ्या बायका आपली गाऱ्हाणी घेऊन त्यांच्याकडे आल्या. एका बागेत सभा भरली, शंभरावर बायका जमल्या आणि गर्दीतलीच एक म्हणाली की आपली स्वतःची संघटना काढू या. डिसेंबर १९७१ मध्ये जन्मलेली ती संघटना म्हणजे 'सेवा'. नोंदणीच्या वेळी कामगार खात्यानं अडवलं. तुम्हाला मालकच नाही, मग युनियन कुणाविरुद्ध? उत्तर असं दिलं गेलं की युनियन कुणाच्या विरुद्धच असली पाहिजे असं थोडंच आहे, ती कामगारांच्या एकजुटीसाठी असते. एप्रिल १९७२ मध्ये नोंदणी झाली. १९७४ मध्ये चार हजार बायकांनी प्रत्येकी दहा रुपये भागभांडवल घालून स्वतःची सहकारी बँकही काढली. आज 'सेवा'चं नाव जगभर घेतात, पण तिच्या पायाशी जुन्या कपड्यांची गाठोडी आहेत हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

आता जरा हमीच्या प्रश्नाकडे वळू. १९७० मध्ये जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. मुद्दा असा: गाडीतली खोड विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना सरासरी गाडीचा भाव देऊ करतो. मग चांगली गाडीवाला बाजारात येतच नाही आणि उरतो तो कचरा. या कामासाठी त्याला २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. आता हाच प्रश्न करंज्याच्या कोळणीला विचारा. मासळी ताजी की शिळी हे तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं. तरी बाजार मोडत नाही. का? कारण ती उद्या त्याच दारात येणार आहे. शिळं दिलं तर गिऱ्हाईक तुटेल. बोहारणीचंही तेच. तिची फेरी ठरलेली, आळी ठरलेली. हमी म्हणजे पुन्हा तोंड दाखवायची खात्री.

इंटरनेटवर नेमकं हेच नाहीसं झालं. तोंडच नाही, तर पुन्हा दाखवणार कुठलं?

सप्टेंबर १९९५ मध्ये पिअर ओमिड्यार नावाच्या प्रोग्रामरनं सुट्टीच्या दिवसांत एक लिलावाचं पान लिहिलं. (आमच्या जातभाईंचे बरेच उद्योग असेच शनिवार-रविवारी सुरू होतात.) त्यावर सुरुवातीला विकली गेलेली एक वस्तू म्हणजे मोडका लेझर पॉइंटर, १४ डॉलर ८३ सेंटला. घेणाऱ्याला तो मोडका आहे हे माहीत होतं, त्याला मोडकेच जमवायचे होते! पुढे याचंच ईबे झालं. ओमिड्यारनं होणाऱ्या बायकोला गोळ्यांच्या जुन्या डब्या जमवता याव्यात म्हणून ईबे काढलं, अशी एक गोड गोष्ट बरीच वर्षं सांगितली गेली. ती कंपनीच्या प्रसिद्धी विभागानं १९९७ मध्ये रचलेली होती, हे नंतर उघड झालं. जुन्या वस्तूंच्या धंद्याला कौटुंबिक सुखाची कल्हई लावायची सवय तेव्हापासूनची आहे म्हणायची.

खरा शोध लागला तो १९९६ मध्ये. घेणाऱ्यानं विकणाऱ्याबद्दल आणि विकणाऱ्यानं घेणाऱ्याबद्दल चार शब्द लिहायचे आणि ते सगळ्यांना दिसायचे. पुढे त्या शेऱ्यांच्या बेरजेवरून नावापुढे तारे लागले. आळीतल्या बायका आपसात 'हिची भांडी टिकतात हो' म्हणायच्या, तेच आता डेटाबेसमध्ये गेलं.

आपल्याकडे हे २००० मध्ये आलं. अवनीश बजाज आणि सुविर सुजान यांनी मुंबईत 'बाजी डॉट कॉम' सुरू केलं. २००४ मध्ये ईबेनं ते सुमारे ५ कोटी डॉलरना विकत घेतलं. त्याच वर्षी एका वापरकर्त्यानं तिथे आक्षेपार्ह चित्रफीत विकायला ठेवली आणि डिसेंबरात अटक झाली कंपनीच्या प्रमुखांना. बाजार भरवणारा बाजारातल्या मालाला किती जबाबदार, यावर देशभर चर्चा झाली आणि २००८ च्या दुरुस्तीनं माहिती तंत्रज्ञान कायद्यात अशा मध्यस्थांना सशर्त संरक्षण मिळालं. ईबे इंडियाकडे 'पैसापे' नावाची सोय होती. घेणाऱ्याचे पैसे मधेच थांबायचे आणि मग विकणाऱ्याला मिळायचे. नाणी, तिकिटं, जुनी पुस्तकं, घड्याळं विकणाऱ्या कितीतरी जणांनी या काळात एकेक तारा जमवून नाव कमावलं.

आणि मग? २०१७ मध्ये ईबे इंडिया फ्लिपकार्टकडे गेलं आणि १४ ऑगस्ट २०१८ ला ते बंद झालं. त्याच्या जागी आलेल्या दुकानात कंपन्यांनी दुरुस्त करून तपासलेला माल होता. माळ्यावरचं पातेलं विकणाऱ्याचं तिथे काम नव्हतं. देशातल्या देशात विकणाऱ्यांना वर्षानुवर्षं जमवलेल्या त्या ताऱ्यांचा उपयोग उरला नाही. नाव विकणाऱ्याचं, पण वही दुसऱ्याची! बोहारणीची आळी बदलली तरी तिची पारख तिच्याबरोबर जायची. आपण तारे गोळा करतो आणि कंपनी गेली की तारेही मावळतात.

आता जाहिरात टाकायची आणि फोनची वाट बघायची असा मामला आहे. पहिला निरोप ठरलेला: 'लास्ट प्राइस काय?' आणि अकेरलॉफनं कल्पिलं नसेल असं एक उलटं संकट आलं आहे. पूर्वी फसायचा तो घेणारा, आता विकणाराही फसतो. 'पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका' असं सांगून खातं रिकामं करणारे भामटे जुन्या सामानाच्या जाहिरातींवर टपलेले असतात. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. एवढं एक वाक्य घरातल्या ज्येष्ठांना पाठ करून द्या.

मग विकू नये का? जरूर विकावं. माळ्यावर धूळ खाण्यापेक्षा वस्तू वापरात जाणं केव्हाही चांगलं, आणि घरच्यांनी एकत्र बसून समया चिंचेनं घासणं, फोटो काढणं, आजीकडून 'हे कुणाच्या लग्नातलं' ते ऐकणं यात मजाही आहे. फक्त दोन गोष्टी कराव्यात. एक, हिशेबाची वही आपली ठेवावी. काय विकलं, कुणाला, केवढ्याला, काय खोट सांगितली होती, हे आपल्याच संगणकावर लिहून ठेवावं आणि चांगल्या गिऱ्हाइकाशी ओळख जपावी. दुकान बंद पडलं तरी ही वही बंद पडत नाही. दुसरं, घरबसल्या होणाऱ्या या कामात घरातल्या कुणाचे तास जातायत ते मोजावं. घासणं, पुसणं, गुंडाळणं, कुरिअरवाल्याची वाट बघणं हे बहुधा एकाच व्यक्तीच्या वाट्याला येतं आणि तारे लागतात खात्याच्या मालकाला. अहमदाबादच्या त्या बायकांनी सगळ्यात आधी काय मागितलं असेल, तर आमचं काम काम म्हणून मोजा हेच. घरातल्या घरात एवढं मोजणं आपल्याला जमायला हरकत नाही.