४३ दातांचं गणित: एमजीबी व्ही८ आणि तिचा मागचा ॲक्सल

जुन्या गाडीत नवं इंजिन बसवल्याचे व्हिडिओ आपण सगळेच बघतो. बॉनेट उघडलं, छोटं इंजिन बाहेर, मोठं आत, मग एक्झॉस्टचा आवाज आणि खाली आगीच्या इमोजींचा पाऊस. पण कॅमेरा मागच्या ॲक्सलखाली सहसा जात नाही. आज आपण तिथेच जाऊया. देश इंग्लंड, साल १९७३, गाडी एमजीबी जीटी व्ही८.

आधी थोडी पार्श्वभूमी. एमजीबी आली १९६२ मध्ये. साधी, परवडणारी स्पोर्ट्स कार, ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डनला बनायची. इंजिन चार सिलिंडरचं, १,७९८ सीसी, ९५ अश्वशक्ती. चालवायला मजा, पण जोर बेताचाच. १९६७ मध्ये कंपनीने तिच्यात सहा सिलिंडरचं इंजिन घालून एमजीसी काढली. ते लोखंडी धूड इतकं जड होतं की गाडी वळणावर नीट वळेना. समीक्षकांनी नावं ठेवली आणि १९६९ मध्ये ती बंद झाली.

मग केन कॉस्टेलो नावाच्या माणसाने, जो आधी मिनी गाड्या शर्यतीत पळवायचा, १९७० च्या सुमारास एमजीबीत रोव्हरचं ३.५ लिटरचं व्ही८ बसवून दाखवलं. हे इंजिन मुळात अमेरिकेतल्या ब्युइकचं. जनरल मोटर्सने ते सोडून दिलं आणि रोव्हरने १९६५ मध्ये त्याचे हक्क घेतले. ॲल्युमिनियमचं असल्यामुळे आठ सिलिंडर असूनही वजन जुन्या चार सिलिंडरवाल्याच्या आसपासच. म्हणजे एमजीसीचं दुखणं इथे नव्हतंच. शेवटी ब्रिटिश लेलँडने स्वतःच तशी गाडी बाजारात आणली. तीच आपली जीटी व्ही८, १३७ अश्वशक्तीची.

आता मुद्द्यावर. मागच्या ॲक्सलमध्ये दोन गिअर असतात, लहान पिनियन आणि मोठं क्राउन व्हील. एमजीबीच्या क्राउन व्हीलला ४३ दात आणि पिनियनला ११. भागाकार करा, ३.९ येतो. म्हणजे टॉप गिअरमध्ये इंजिनकडून येणारा दांडा ३.९ वेळा फिरला की चाक एकदा फिरणार. गिअरची सायकल आठवा. घाट चढताना आपण हलका गिअर टाकतो, पाय भराभर फिरतात, सायकल हळूहळू पुढे जाते. एमजीबीच्या छोट्या इंजिनाला तसाच हलका गिअर लागायचा.

समजा, व्ही८ बसवलं आणि ॲक्सल जुनाच ठेवला. काय होईल? या इंजिनाची ताकद ५,००० आरपीएमला शिखर गाठते. ३.९ च्या ॲक्सलवर टॉप गिअरमध्ये ५,००० म्हणजे ताशी १५० किमीच्या आतच. शंभरच्या वेगाने निवांत जायचं तरी इंजिन ३,४०० च्या आसपास ओरडत राहणार. एवढं मोठं इंजिन घेतलं, आणि सपाट हायवेवर आपण अजून घाटाच्याच गिअरमध्ये!

कंपनीने निवडलेला आकडा होता ३.०७. क्राउन व्हीलला दात तेच ४३, पिनियनला मात्र ११ ऐवजी १४. नवीन काही घडवायचीही गरज नव्हती, कारण हा जोड एमजीसीसाठी आधीच बनला होता. फसलेल्या गाडीचा भाग इथे कामी आला. आता ५,००० आरपीएमला वेग जवळपास १९० किमी आणि शंभरला इंजिन फक्त २,६५० च्या आसपास. ओव्हरड्राइव्ह टाकला की २,२०० पर्यंत खाली.

पण आकडा कमी केला की चाकावरचा जोर कमी होतो ना? होतो. म्हणूनच गुणाकार करून बघायचा. जुन्या इंजिनाचा टॉर्क १४९ न्यूटन-मीटर, गुणिले ३.९, म्हणजे सुमारे ५८०. व्ही८ चा २६२, गुणिले ३.०७, म्हणजे सुमारे ८००. लांब गिअर घेऊनही टॉप गिअरमध्ये जोर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढलाच. ३.९ ठेवला असता तर हजाराच्या वर गेला असता, आणि तो ताण टायर आणि ॲक्सलने सोसायचा.

गणित बरोबर आलं, वेळ मात्र चुकली. गाडी ऑगस्ट १९७३ मध्ये आली आणि ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल रोखलं. शंभरच्या वेगाला शांत चालणारं इंजिन असूनही लोकांना दिसलं ते बॉनेटखालचं 'व्ही८'. १९७६ पर्यंत जेमतेम २,५९१ गाड्या बनल्या.

गोष्ट तिथे संपली नाही. १९९२ मध्ये त्याच जातीचं, आता ३.९ लिटरचं इंजिन घालून एमजी आरव्ही८ आली. सुमारे २,००० बनल्या, बहुतेक जपानला गेल्या. तिचा ॲक्सल? ३.३१. इंजिन अधिक ताकदवान, तरी आकडा वर! कारण आता गिअरबॉक्स पाच गिअरचा होता. पाचवाच ओव्हरड्राइव्हचं काम करायचा, त्यामुळे ॲक्सल थोडा हलका ठेवून पिकअप मिळवता आला.

मी दिवसभर कोड लिहितो. एक लायब्ररी बदलली की तिच्यावर टेकलेलं सगळं पुन्हा तपासावं लागतं, हे मी ठेचा खाऊन शिकलोय. इथेही तेच आहे. ॲक्सलचा आकडा एकटा निवडता येत नाही. इंजिन कुठल्या आरपीएमला खुलतं, टायर केवढा, टॉप गिअर कोणता आणि गाडी जास्त कुठे चालणार, हे चार प्रश्न आधी सोडवायचे.

पुढच्या वेळी इंजिन बदलल्याचा व्हिडिओ दिसला की कमेंटमध्ये एवढंच विचारा, 'दादा, मागे रेशो कोणता टाकलाय?' उत्तर लगेच आलं, तर समजा काम मनापासून केलंय. भेटूया पुढच्या भागात!