गिल साहेबाची बारादरी

गिल साहेबाची बारादरी : जळगावहून नेरी, पहूर, वाकोद, फर्दापूर असे जाऊन घाट चढला की लागणाऱ्या अजिंठा गावातील वास्तू, अजिंठा लेण्यांजवळची नव्हे. मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल याला ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये लेण्यांतील चित्रांच्या नकला करायला नेमले, तेव्हा त्याचे बिऱ्हाड येथे होते. त्याची सहचरी पारो १८५६ मध्ये वारली. तिची कबर गावातच आहे. ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकाव्याचा विषय हीच दोघे. गिलच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत गेल्या. १८७२ पासून तेच काम मूळचे वेल्सचे जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन नव्याने केले. त्यांतल्याही अनेक नकला १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. पण ग्रिफिथ्स यांचे सचित्र ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाल्याने काम वाया गेले नाही. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर पाहायची तर अजिंठ्याला नव्हे, भुसावळला जावे.