गोंगाटातील निरोप : कुलाब्यापासून उद्यमबागेपर्यंत



मराठीच्या प्राध्यापकाने विजेच्या तारांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु धाडलेला निरोप पलीकडे जसाच्या तसा पोहोचावा, ही चिंता भाषेची आहे तशीच तारेचीही आहे. शिवाय निपाणी, संकेश्वर, खानापूर या भागांतील शाळांतून शिकून निघालेली कितीतरी मुले बेळगावच्या उद्यमबागेत आणि मच्छ्याच्या कारखान्यांत पोटापाण्याला लागतात. त्यांच्या हाती येणाऱ्या एका साध्या केबलचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

बेळगावची यंत्रांची परंपरा जुनी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली येथेच सायकलींचे दुकान काढले. १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीस गेले, तरी या गावाचे लोखंडाशी जडलेले नाते तुटले नाही. पुढे फौंड्र्या आल्या, यंत्रशाळा आल्या, संगणकाच्या आज्ञेने चालणारे सीएनसी लेथ आले. अशाच एका कारखान्यात माझा एक जुना विद्यार्थी रात्रपाळीस होता. शेजारची विजेची भट्टी सुरू झाली, की संगणकातून लेथकडे जाणारा प्रोग्रॅम मध्येच बिघडे. एके रात्री टूल जॉबमध्ये घुसले, जॉब भंगारात गेला आणि ठपका त्या मुलावर आला. त्याचे काय चुकले होते? याचे उत्तर शोधण्यासाठी दीडशेहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

१८३८ साली म्युनिकच्या श्टाइनहाइल यांनी दाखविले, की तारायंत्राला परतीची दुसरी तार लागत नाही. ते काम जमीनच करते. निम्मी तार वाचली आणि देशोदेशी एकेरी तारांचे जाळे पसरले. या काटकसरीत एक गृहीत दडलेले होते : या टोकाची जमीन आणि त्या टोकाची जमीन विजेच्या दृष्टीने एकाच पातळीवर असते. सप्टेंबर १८५९ मधील सौरवादळाने ते खोटे ठरविले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने पृथ्वीच्या चुंबकत्वातील त्या वेळची विलक्षण खळबळ नोंदवून ठेवली आहे. युरोप-अमेरिकेत तर जमिनीतून वाहणाऱ्या प्रवाहांनी तारायंत्रांचे काम विस्कळीत केले.

पुढे गोंगाट माणसानेच निर्माण केला. मुंबईत विजेच्या ट्रामी येणार असे दिसताच कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे धोक्यात आली. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारली. ट्राम १९०७ साली धावली. गोंगाटापासून दूर जाणे, हा एक मार्ग झाला. दूरध्वनीला मात्र तो मोकळा नव्हता, कारण त्याचे ग्राहक शहरातच राहत. त्याच्यासाठी ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ च्या पेटंटात दुसरा मार्ग सांगून ठेवला होता : जाण्याची एक व येण्याची एक अशा दोन तारा घ्या आणि त्या एकमेकींभोवती पिळा. पिळामुळे त्या दोघी उपद्रवाच्या उगमाशी आळीपाळीने जवळ येतात आणि दोघींवर जवळजवळ सारखाच परिणाम होतो. ऐकणाऱ्याने दोघींतील फरक तेवढा वाचला, की सामायिक उपद्रव वजा होतो आणि निरोप उरतो.

आता त्या लेथकडे वळू. संगणकाला जोडलेली केबल आरएस-२३२ पद्धतीची होती. संगणकाची उपकरणे मॉडेमशी जोडण्यासाठी हे मानक १९६० साली अमेरिकेत ठरले. त्यात प्रत्येक संकेत एकाच सामायिक ग्राउंड तारेच्या तुलनेत मोजतात. तत्त्वतः ही तारायंत्राचीच काटकसर. कचेरीत, पन्नासेक फुटांपर्यंत, ती निभावून जाते. येथे केबल सव्वाशे फूट लांब होती, मोटारींच्या केबलींबरोबर एकाच चरातून नेलेली होती, आणि दोन टोकांचे अर्थिंग वेगवेगळे होते. वेग कमी करून पाहिला. गुण आला नाही.

अखेर एका जाणत्या वायरमनने वाट बदलली. पुढच्या काळात आलेल्या आरएस-४२२ आणि १९८३ च्या आरएस-४८५ या मानकांनी बेल यांची जोडी स्वीकारली आहे. त्यांत दोन तारांतील व्होल्टच्या एक पंचमांश फरकावरही निरोप वाचला जातो, आणि वेग बेताचा असल्यास तो १२०० मीटरपर्यंत जातो. त्याने दोन्ही टोकांना विद्युत्‌दृष्ट्या विलग असे कन्व्हर्टर बसविले. पिळाची, जाळीचे आवरण असलेली केबल मोटारींच्या केबलींपासून दूर नेली. जेथे त्यांना ओलांडणे भाग होते तेथे काटकोनात ओलांडली. आवरण एकाच टोकाला अर्थ केले, म्हणजे दोन अर्थिंगमधील प्रवाह त्यातून वाहू नये. ओळीच्या टोकाला १२० ओहमचा रोध लावला, म्हणजे संकेत तेथून उलटू नये. त्यानंतर भट्टी चालू असतानाही प्रोग्रॅम अखंड जाऊ लागला.

कारखान्याला अलिबाग नसते. भट्टी आणि लेथ एकाच छपराखाली नांदावयाचे असतात. म्हणून तेथे दूर जाण्याचा नव्हे, जोडीच्या तारेचा मार्गच कामी येतो. त्या मुलावरचा ठपका पुढे गेला. पण चराचे झाकण उघडून पाहण्याआधीच तो ठेवला गेला होता, हे मला विसरता येत नाही. तुमच्यापैकी जो उद्या तेथे सुपरवायझर होईल, त्याने माणसाला बोल लावण्यापूर्वी केबलची वाट एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहावी, एवढीच माझी विनंती आहे.