शर्यतीच्या मोटारीतील इंधनाचे मोजमाप : स्टुअर्ट हिलबर्न यांची योजना

मोटारीच्या एंजिनातून कार्ब्युरेटर जाऊन इंधन दाबाने फवारण्याची पद्धत कशी आली, याचा इतिहास बहुधा जर्मनीपासून सांगण्यात येतो. १९२७ च्या सुमारास बॉश कंपनीने डीझेल एंजिनांसाठी इंधनपंप बाजारात आणले. पुढील दशकात डेमलर-बेंझच्या विमान-एंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरात फवारले जाऊ लागले. आणि १९५४ मध्ये मर्सिडीज-बेंझने तीच विद्या आपल्या शर्यतीच्या गाडीत व ३०० एसएल या विक्रीच्या गाडीत उतरविली. ही वंशावळ खोटी नाही, पण अपुरी आहे. १९५४ च्या कितीतरी आधी कॅलिफोर्नियातील लहान कार्यशाळांत या विद्येची दुसरी एक शाखा फुटली होती. जर्मन अभियंत्यांना अचूकता हवी होती. कॅलिफोर्नियातील कारागिरांना हवी होती विपुलता. या एका भेदामुळे दोन्ही शाखांची यंत्रे मुळापासून निराळी झाली. या दुसऱ्या शाखेचे श्रेय मुख्यतः स्टुअर्ट हिलबर्न (१९१७-२०१३) यांच्याकडे जाते.

लॉस एंजेलिसच्या ईशान्येस मोहावे वाळवंटात म्युरॉक, एल मिराज अशी कोरडी तळी आहेत. पाणी आटून गेलेल्या त्यांच्या सपाट, कठीण भूमीवर जुन्या फोर्ड गाड्या वेगाने पळविण्याचा नाद दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांना दुसऱ्या महायुद्धापूर्वीच लागला होता. हे लोक बहुतेक सामान्य स्थितीतले. भंगारातून आणलेल्या एंजिनावर रात्री जागून काम करावे आणि रविवारी तळ्यावर वेग मोजून घ्यावा, असा त्यांचा क्रम. हिलबर्न हे त्यांपैकीच एक. ते पेशाने अभियंता नव्हते. रंगाच्या कारखान्यात रसायनज्ञ म्हणून काम करीत. त्यांच्या लांबट, निमुळत्या गाडीत फोर्डचे आठ सिलिंडरांचे एंजिन होते, आणि त्यात ते पेट्रोलऐवजी मेथॅनॉल हा अल्कोहोल जाळीत. त्यांच्या पुढील सर्व उद्योगाचे मूळ या इंधनात आहे.

मेथॅनॉलचा गुण असा की बाष्प होताना ते पेट्रोलच्या तिपटीहून अधिक उष्णता शोषून घेते. त्यामुळे आत येणारी हवा थंड व दाट होते, एंजिन अकाली ठोका देत नाही आणि मिश्रण अधिक दाबता येते. त्याचा दोष म्हटला तर तो खादाडपणाचा. एक भार पेट्रोल पुरते जळावयास सुमारे १४.७ भार हवा लागते. मेथॅनॉलला तेवढ्याच भारासाठी अवघी ६.४ पुरते. म्हणजे सिलिंडरात हवा तितकीच येत असेल तर इंधन मात्र दुपटीहून अधिक पुरवावे लागते. आणि शर्यत लावणारा माणूस, एंजिन थंड राहावे म्हणून, त्याहीपेक्षा थोडे जास्तच देतो.

कार्ब्युरेटर येथे उणा पडतो. त्यात हवा एका अरुंद गळ्यातून ओढली जाते. गळ्यात तिचा दाब उतरतो आणि त्या ओढीने इंधन छिद्रातून वर येते. ओढ वाढवावयाची तर गळा आवळावा लागतो, आणि गळा आवळला की एंजिनाचा श्वासच कोंडतो. छिद्रे मोठी करून, एकाऐवजी चार चार कार्ब्युरेटर बसवून लोकांनी यातून वाट काढण्याचा प्रयत्न केला. तथापि त्याच्या लहानशा कोठीत इंधनाची पातळी टिकेना आणि ऐन वेगात एंजिन उपाशी पडे. महायुद्धातील सैनिकी सेवा संपवून परतल्यावर हिलबर्न यांनी हा मार्गच सोडला. इंधन ओढून घेण्याचे काम हवेकडे कशाला ठेवावे? ते पंपाने ढकलावे, म्हणजे गळ्याची गरज राहत नाही आणि नळी मोकळी करता येते.

त्यांची योजना वर्णावयास सोपी आहे. एंजिनाच्या फेऱ्यांशी जखडलेला एक पंप, प्रत्येक सिलिंडराच्या हवानळीत एक पाकळीची झडप, तिच्याजवळ इंधनाची एक बारीक तोटी, पायाच्या पट्टीबरोबर फिरणारी एक दंडगोल झडप आणि टाकीकडे परत जाणारी एक नळी. तोट्यांतून इंधन अखंड वाहते. जर्मन पंपाप्रमाणे प्रत्येक स्फोटासाठी मोजून ठराविक क्षणी दिले जात नाही. फेऱ्या दुप्पट झाल्या की पंपाचा प्रवाह दुप्पट होतो आणि हवाही साधारणतः दुप्पट येते. मर्म आहे ते परतीच्या नळीत. पंप मुद्दामच गरजेपेक्षा मोठा ठेवलेला असतो. जास्तीचे इंधन एका छिद्रातून टाकीत परत जाते, आणि त्या छिद्राची चकती हाताने बदलता येते.

छिद्रातून जाणाऱ्या द्रवाचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो; प्रवाह दुप्पट व्हावयाचा तर दाब चौपट लागतो. हा नियम तोट्यांना लागू आहे तसाच परतीच्या छिद्रालाही. म्हणून पूर्ण झडप उघडी असता, दोहोंतील वाटणी एंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून राहत नाही; ती केवळ छिद्रांच्या क्षेत्रफळांवर ठरते. सर्व तोट्यांचे मिळून क्षेत्रफळ ४ मानले आणि परतीच्या छिद्राचे १, तर पंपाने दिलेल्या इंधनाचा पाचवा भाग नेहमी परत जाईल, मग फेऱ्या ३,००० असोत की ६,०००. आता त्या छिद्राचा व्यास दहा टक्क्यांनी वाढविला तर क्षेत्रफळ १.२१ होईल आणि एंजिनास मिळणारे इंधन सुमारे चार टक्क्यांनी घटेल, तेही सर्व वेगांवर सारख्याच प्रमाणात. एवढ्या मोठ्या यंत्राचे सारे मिश्रण एका लहान चकतीने वरखाली करता यावे, ही सोय कोणत्याही कार्ब्युरेटरात नव्हती. अर्थात हवेचे आगमन फेऱ्यांबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. फार वेगात एंजिनाचा श्वास तोकडा पडतो आणि पंप मात्र तसाच ढकलीत राहतो. त्यासाठी ठराविक दाबावर उघडणारी आणखी एक स्प्रिंगची झडप परतीच्या वाटेवर बसविण्याची प्रथा पडली.

या ठिकाणी भाषेचा एक प्रकार लक्षात घेण्याजोगा आहे. कार्ब्युरेटरातील छिद्राच्या तुकड्यास ‘जेट’ म्हणतात, आणि मोठे जेट म्हणजे अधिक इंधन हे कारागिराच्या हाडीमासी भिनलेले असते. परतीच्या छिद्रासही तेच नाव मिळाले. परंतु येथे मोठे जेट म्हणजे कमी इंधन. शब्द तोच राहिला आणि त्याचा अर्थव्यापार उलटा झाला. अशी उलटापालट कोशात निरुपद्रवी असते; कार्यशाळेत मात्र तिची किंमत वितळलेल्या पिस्टनाच्या रूपाने द्यावी लागते, कारण मेथॅनॉल कमी पडले की एंजिन तापते आणि पिस्टनाच्या माथ्यास भोक पडते. अमेरिकन कारागिरांच्या बोलीत या चकतीस ‘पिल’, म्हणजे औषधाची गोळी, असे निराळे नाव रूढ आहे. ते गमतीने पडले असो वा आकारावरून, त्याने भेद राखण्याचे काम केले. पुढे जन्मलेल्या संज्ञांपैकी पुष्कळ अधिक भारदस्त आहेत. इतकी उपयोगी क्वचितच असेल.

१९४७ मध्ये एल मिराज येथे गाडी ताब्याबाहेर जाऊन हिलबर्न जबर जखमी झाले. पुढील वर्षी तीच गाडी, इंधन फवारण्याच्या त्यांच्या साधनांसह, हॉवी विल्सन यांनी ताशी १५०.५० मैल वेगाने नेली. तळ्यांवरील या हौशी कारागिरांच्या गाड्यांत १५० मैलांची मर्यादा ओलांडली गेली ती या वेळी. तेथून ही योजना इंडियानापोलिसला पोहोचली. तेथील गाड्यांत चार सिलिंडरांचे ऑफेनहाउसर एंजिन असे. जिम ट्रॅव्हर्स या मेकॅनिकच्या सहकार्याने हिलबर्न यांनी त्याच्यासाठी नवे भाग घडविले, आणि काही काळ या साधनास दोघांचे जोडनाव होते. ट्रॅव्हर्स व त्यांचे सहकारी फ्रँक कून यांनी सांभाळलेल्या हॉवर्ड केक यांच्या गाडीचे नावच ‘फ्युएल इंजेक्शन स्पेशल’ असे होते. १९५२ मध्ये बिल व्हुकोविच तीत बसून बराच काळ आघाडीवर होते. परंतु २०० फेऱ्यांच्या त्या शर्यतीत थोड्याच फेऱ्या उरल्या असता सुकाणूचा एक भाग मोडला. पुढील दोन्ही वर्षी त्यांनी ती शर्यत जिंकली : १९५३ मध्ये सरासरी ताशी १२८.७४ मैलांनी, १९५४ मध्ये १३०.८४ मैलांनी. १९५५ मध्ये दुसऱ्या मालकाच्या गाडीत, आघाडीवर असतानाच, ते अपघातात मृत्यू पावले.

ज्या वर्षी जर्मन गाडी जगास नवलाची वाटली त्या वर्षी इंडियानापोलिसच्या मेकॅनिकांना फवारलेले इंधन नवे राहिले नव्हते. मग इतिहासात दुसरी शाखा दुय्यम का ठरली? याचे कारण तिच्या रचनेतच आहे. हिलबर्न यांचे यंत्र हवा मोजीत नाही. झडपेची स्थिती आणि फेऱ्यांची संख्या या दोहोंवरून ते हवेचा केवळ अंदाज बांधते. शर्यतीत झडप बहुधा पूर्ण उघडी असते, तेव्हा हा अंदाज चालतो. शहराच्या रस्त्यावर अर्धवट झडपेने, थांबत थांबत जाताना तो फसतो. १९५७ मध्ये शेव्हरोलेने कॉर्व्हेट गाडीसाठी दिलेल्या रोचेस्टर यंत्रातही इंधन अखंडच वाहत असे, परंतु त्यात येणारी हवा मोजण्याची व्यवस्था होती. २८३ घन इंच एंजिनातून २८३ अश्वशक्ती मिळविल्याची कंपनीने मोठी जाहिरात केली. तरीही यंत्र महाग व नाजूक पडले आणि १९६५ नंतर मिळेनासे झाले.

हिलबर्न यांचे ग्राहक हवा स्वतः मोजीत. सकाळी तापमान १५ अंश असेल आणि दुपारी ३५, तर हवेची घनता सुमारे साडेसहा टक्क्यांनी घटते. तेवढे इंधन कमी करावयाचे म्हणजे थोडी मोठी गोळी घालावयाची. समुद्रसपाटीजवळच्या कार्यशाळेत जुळविलेले एंजिन वाळवंटातील उंच तळ्यावर नेले तर पुन्हा तोच हिशोब. यंत्रात जे मोजमाप नव्हते ते माणसाच्या वहीत होते. प्रत्येक एंजिनासाठी तोट्यांचे व्यास, पंपाचा आकार व हवानळ्यांची लांबी निराळी ठरवावी लागे. म्हणून हे भाग ठोक उत्पादनाचे न राहता मागणीनुसार घडविण्याचे राहिले. मोठ्या कारखान्यांच्या इतिहासात ते न बसण्याचे हेही एक कारण असावे.

पुढे इलेक्ट्रॉनिक साधने आली आणि हवा मोजण्याचे व इंधन देण्याचे काम संगणकाने घेतले. अमेरिकेतील मातीच्या धावपट्ट्यांवर मात्र मेथॅनॉल जाळणाऱ्या स्प्रिंट गाड्यांत यांत्रिक पंप व परतीची नळी आजही दिसतात. शर्यतीपूर्वी वायुभार व तापमान पाहून मेकॅनिक डबीतील क्रमांक घातलेल्या गोळ्यांपैकी एक निवडतो आणि ती नळीत बसवून टोपण आवळतो.